चालता साचा

१

कुकरची पहिली शिट्टी आणि शेवटची शिट्टी यांच्यामध्ये बाईच्या वाट्याला जी काही मोकळी मिनिटं येतात, ती शालिनीनं जन्मभर जपाला दिली होती. त्या वर्षी मात्र त्यांत एक वाटेकरी आला.

तिच्या मुलीनं, मंजिरीनं, तो खेळ इंदूरच्या जेल रोडवरून आणला. पिवळ्या प्लास्टिकचा, साबणाच्या वडीहून थोडा मोठा, मध्ये राखाडी काच. वरून ठोकळे पडायचे, ते फिरवून खाली नीट बसवायचे. आडवी ओळ पूर्ण भरली की ती पुसली जायची.

"उपासाच्या दिवशी तुला टाइमपास," मंजिरी म्हणाली. ती एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची आणि घरी असं काहीबाही घेऊन यायची.

"मला कशाला टाइम पास करायचाय गं? मला तो पुरत नाही."

पण दुसऱ्या दिवशी वरणाला शिट्टी यायची होती, जपाची माळ बाहेरच्या खोलीत होती आणि खेळ हाताशी होता. शालिनीनं बटण दाबून बघितलं. पहिली ओळ पुसली गेली तेव्हा तिला वाटलं, अरे, हे तर ओटा पुसल्यासारखं आहे. फक्त इथं पाणी लागत नाही आणि कंबर दुखत नाही. कुकर शिट्ट्या देऊन देऊन थकला. वरणाचं पिठलं झालं.

तेव्हापासून तिनं स्वतःला शिस्त लावली. दूध वर येईपर्यंत, इस्त्री तापेपर्यंत, नळाची बादली भरेपर्यंत, एवढंच. त्या थेंबथेंब वेळात तिची बोटं तयार होत गेली. लांब पट्टीचा ठोकळा यावा म्हणून ती उजव्या कडेची एक उभी गल्ली मोकळी ठेवायची, बाकी सगळं गच्च भरायची, आणि पट्टी आली की सोडायची. चार ओळी एकदम नाहीशा. तिच्या साध्या, आवरतं घेतलेल्या आयुष्यात एवढा निर्भेळ विजय दुसरा नव्हता.

"आई, तू तर एकदम एक्सपर्ट होऊन गेली," मंजिरी म्हणायची.

"चल, काहीतरीच," शालिनी म्हणायची, आणि पदराआड हसून घ्यायची.

२

घर मल्हारगंजातलं, माडीवरच्या दोन खोल्या. खाली पत्र्याच्या पेट्या बनवणाऱ्याचं दुकान. दिवसभर ठोकाठोक चालायची आणि दुपारी तो जेवायला गेला की इतकी शांतता पडायची की कानाला टोचायची.

बाहेरच्या खोलीत खाटेवर शालिनीचे यजमान लक्ष्मीकांत पडून असायचे. ते मिलमध्ये साचेवाले, म्हणजे कापड विणणाऱ्या यंत्रावरचे कारागीर. मिल बंद पडली तशी माणसं जिकडेतिकडे पांगली. लक्ष्मीकांतांनी सांवेर रोडवर एका गोदामात चौकीदारी केली, पण मन नव्हतं. त्या उन्हाळ्यात ताप आला. ताप गेला, माणूस उठला नाही. हात इतके कापायचे की चमचा तोंडापर्यंत पोहोचेना, सदऱ्याची गुंडी लागेना. बोलणं तर जवळजवळ बंदच. डॉक्टर सज्जन होते. सगळे रिपोर्ट बघून त्यांनी शालिनीला जिन्यात गाठलं.

"माँजी, बीमारी कुछ नहीं है. अब इनको खुद ही उठना पड़ेगा. नहीं उठे, तो फिर मैं कुछ कह नहीं सकता."

शालिनी दर चातुर्मासात काही ना काही नेम धरायची. एका वर्षी वांगं सोडलं, एका वर्षी गादी. पण नवऱ्याला उभं करायचं म्हणून वांगं सोडणं तिला देवाशी घासाघीस केल्यासारखं वाटलं. आषाढी एकादशीला तिनं समईसमोर हात जोडले आणि अवघड नेम मागून घेतला. कार्तिकीपर्यंत हाती घेतलेलं काहीही अर्धवट सोडायचं नाही. केर असो, पोथी असो, पोळी असो. तू मात्र यांना उभं कर.

पंचाईत दुसऱ्याच दिवशी झाली. खेळ हातात होता, अर्धा खेळून झाला होता आणि दूध वर आलं.

"मंजिरी, हा जिंकतात कसा गं? म्हणजे पुरा केव्हा होतो?"

"पुरा नाही होत आई. चालतच राहतो. स्पीड वाढत जाते. शेवटी मरतोच आपण."

"मग सोडायचा कसा?"

"पॉज कर ना. हे बटण. बघ, इकडं कपाचं चित्र आलं. म्हणजे तो थांबला, तू जा चहा प्यायला."

शालिनीला हायसं वाटलं. थांबवणं म्हणजे सोडणं नव्हे. तिनं खेळ खाटेच्या उशाशी असलेल्या फडताळात ठेवला आणि मनाशी ठरवलं, आषाढीपासून कार्तिकीपर्यंत हा एकच डाव. हरायचं नाही, बंद करायचा नाही. जेव्हा मिनिट मिळेल तेव्हा उचलायचा, ओळी पुसायच्या, कप लावून ठेवून द्यायचा.

देवाला फसवलं असं तिला वाटलं नाही. थोडीशी चतुराई बाईनं करावीच लागते.

३

श्रावणातली एक दुपार. शालिनी जेवणाची भांडी घासून आली, फडताळातून खेळ उचलला आणि थबकली.

मोकळी गल्ली डावीकडे होती.

कपाचं चित्र होतं तसंच लागलेलं होतं. पण तिनं सकाळी ठेवलेला डाव हा नव्हता. हा नीट होता, तिच्यापेक्षाही नीट. कुठं भोक नाही, कुठं उंचसखल नाही. सगळं सपाट, घट्ट, डावी कड तेवढी मोकळी.

विसरले असेन, ती म्हणाली. उपासाचं डोकं. तिनं तो डाव पुढं खेळला, पुन्हा उजवी गल्ली केली आणि ठेवून दिला.

दुसऱ्या दुपारी गल्ली पुन्हा डावीकडे.

"मी कशाला खेळीन?" मंजिरी संध्याकाळी म्हणाली. "मी तर क्लासमध्ये होते. बाबा खेळले असतील."

दोघींनी खाटेकडे बघितलं. लक्ष्मीकांतांचे हात चादरीवर पडले होते, उन्हात वाळत घातलेल्या कापडासारखे, वाऱ्याशिवाय हलत.

शेजारच्या उषावहिनी दुपारी कधी कधी दळण निवडायला येऊन बसायच्या. शालिनीनं त्यांनाही आडून विचारलं.

"मी?" उषावहिनी म्हणाल्या. "अहो शालिनीजी, मला टीव्हीचा रिमोट नाही जमत. परवा आवाज कमी करायला गेले तर पिक्चरच गायब. हे ओरडून राहिले माझ्यावर."

शालिनी हसली. पण हसताना तिचं लक्ष फडताळाकडे होतं.

४

माणसाची बुद्धी शेवटपर्यंत साधं कारण शोधते. यंत्र आहे, आपोआप सरकत असेल. सेल उतरत असेल. पण सेल उतरल्यावर यंत्र चुकतं, सुधारत नाही, हेही तिला कळत होतं.

तिनं देवाचा पांढरा दोरा घेतला. खेळाला आडवा-उभा गुंडाळला, वर तिची नेहमीची सुरगाठ मारली आणि खेळ स्वयंपाकघरातल्या तांदळाच्या डब्यात, तांदळाच्या आत पुरला. वर झाकण, झाकणावर पाटा. मग ओट्याकडे पाठ करून थालीपीठ थापत बसली. खालचा पेटीवाला जेवायला गेला. ठोकाठोक थांबली.

त्या शांततेत तिला कुठून तरी खट्-खट्, खट्-खट् ऐकू आलं. अगदी बारीक. भिंतीच्या पलीकडं, गल्लीच्या पलीकडं, कदाचित नदीच्याही पलीकडं मोठं काहीतरी चालू असावं आणि इथवर त्याचा नुसता कंप यावा, तसं. तांदळाच्या डब्यावरचा पाटा हलत नव्हता. पण पाट्यावरचं थोडं पीठ हळूहळू कडेकडे सरकत होतं.

तिनं थालीपीठ आधी पूर्ण केलं. नेम होता. मग पाटा काढला, तांदळात हात घातला.

दोरा जागेवर होता. फक्त एके ठिकाणी तो तुटला होता आणि पुन्हा जोडलेला होता. सुरगाठ नव्हे. बारीक, चपटी, बोटाखाली लागणारसुद्धा नाही अशी गाठ.

ती गाठ शालिनी ओळखत होती. लग्न झाल्यावर पहिल्या वर्षी लक्ष्मीकांतांनी तिची मंगळसूत्राची पोत तशीच जोडून दिली होती. साच्यावर सुताची तार तुटली की ती जोडायची ही गाठ. साचा फार वेळ थांबवायचा नसतो, म्हणून एका हातानं, डोळ्याचं पातं लवायच्या आत मारायची. मिलमधल्या माणसांनाच ती यायची. आणि या घरात मिलमधल्या माणसाचे हात गुंडी लावू शकत नव्हते.

डाव अर्थातच पुढं गेलेला होता. गल्ली डावीकडं.

५

त्याच आठवड्यात लक्ष्मीकांत उठून बसले.

दुपारचे तीनेक वाजले असतील. शालिनी पाणी घेऊन आली तर ते खाटेच्या कडेवर बसलेले, पाठ ताठ, पाय जमिनीला. तिनं फुलपात्र खाली ठेवलं.

"अहो," ती म्हणाली. "उठलात तुम्ही?"

ते दाराकडं बघत होते. थोडा वेळ बसले, मग आडवे झाले. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी उभे राहिले.

शालिनी खाली जाऊन पेढे घेऊन आली. मंजिरी रडली. उषावहिनींनी शालिनीचे दोन्ही हात धरले. "नेम पावला हो तुम्हाला. मी तर म्हणून राहिले सगळ्यांना, अशी बाई नाही."

गणपती बसले, उठले. लक्ष्मीकांत रोज तीनला उभे राहत. शालिनी समईत तेल घालताना देवाला सांगायची, तू ऐकलंस, मी पण पुरं करीन. तिचं मन भरून आलं होतं. आनंदानं आंधळं व्हायला तिची हरकत नव्हती.

पण ती गृहिणी होती, आणि गृहिणीच्या नजरेतून ताट सुटत नाही. लक्ष्मीकांत उभे राहू लागले होते आणि जेवण मात्र घटत चाललं होतं. आधी अर्धी पोळी जायची, आता भाताची चार शितं. हात बर्फासारखे. दुपारी तीनला चेहऱ्यावर तेज यायचं, आणि ते ओसरलं की मागं जे उरायचं ते सकाळपेक्षा कमी असायचं. रोज थोडं कमी.

नवरात्रात एकदा तिनं त्यांचे केस विंचरले. फणीत पांढरं काहीतरी अडकलं. तिला वाटलं, पिकलेला केस. बोटात धरलं तर ती रुई होती. कापसाचा तलम तूस, पूर्वी मिलमधून आल्यावर त्यांच्या केसांत, भुवयांत, कानांच्या पाळ्यांवर असायचा तसा.

घरात गादी फाटलेली नव्हती. उशीत कापसाऐवजी वाळा होता. तिनं दोन्ही तपासून बघितल्या, खालून वरून, शिवण न् शिवण.

६

दसऱ्यानंतरच्या एका दुपारी ते बोलले.

"मारुती थांबलाय," ते म्हणाले. आवाज स्वच्छ, बऱ्याच वर्षांपूर्वीचा.

शालिनी त्यांच्या पायांना तेल लावत होती. तिचे हात जागीच राहिले.

मारुती त्यांचा जोडीदार. एकाच साच्यावर सकाळची पाळी मारुतीची, दुपारी तीनची यांची. उंच, अबोल माणूस, डावखुरा. दिवाळीला फराळाला यायचा तेव्हा डाव्या हातानं लाडू उचलायचा आणि शालिनीकडं बघून ओशाळायचा. मिल बंद झाल्यावर दुसऱ्या थंडीत तो गेला. लक्ष्मीकांतांनी खांदा दिला होता.

"कुठं थांबलेत ते?" शालिनीनं विचारलं. विचारू नये असं वाटत होतं.

"साच्यावर. बदलीला कोणी गेलं नाही ना." ते थोडे रागावल्यासारखे झाले, जणू ती मिलमध्ये नवी होती. "चालता साचा सोडून येत नाहीत. पुढच्यानं हात ठेवायचा, मग मागच्यानं काढायचा. त्या दिवशी भोंगा झाला, आम्ही पोहोचलो, तर गेटला कुलूप. आत मारुती उभा, बाहेर मी. मग लाइट काढली, सगळ्यांना मागच्या दारानं हाकललं. तो म्हणाला, लक्ष्मीकांत, तू हात नाही लावलास. मी म्हटलं, उद्या लावतो."

मिल काही पुन्हा उघडली नाही. हे दोघांनाही माहीत होतं. पण ते सांगताना लक्ष्मीकांतांचा चेहरा असा झाला होता, की उद्या अजून यायचाच आहे.

"तो दमलाय गं," ते म्हणाले. "पण जोर मोठा आहे त्याचा. मला वाटतं, आता जमेल मला."

शालिनीनं तेलाची वाटी खाली ठेवली. फडताळात पिवळा खेळ होता, कप लागलेला. आषाढीपासून चालू ठेवलेला. न हरलेला, न सोडलेला, न संपवलेला. तिनं स्वतःच्या हातांनी घरात काय चालू ठेवलं होतं, ते तिला शब्दात सांगता आलं नसतं. पण तिला ते कळलं होतं.

फेकून द्यावा. कृष्णपुऱ्याच्या पुलावरून नदीत टाकावा. ती उठलीही होती. मग तिला वाटलं, मिल बंद केली तेव्हाही तसंच तर झालं होतं. कोणीतरी मध्येच सगळं काढून घेतलं, आणि चालायचं ते चालतच राहिलं.

७

कार्तिकी तोंडावर आली होती. मंजिरी क्लासला गेलेली. शालिनी स्वयंपाकघरात राजगिरा निवडत होती. खालची ठोकाठोक थांबली, आणि त्या शांततेत दूरवर भोंगा झाला.

इंदुरात आता कोणत्याच मिलचा भोंगा होत नव्हता.

मग तिला पावलं ऐकू आली. बाहेरच्या खोलीतून. टाच आधी, मग चवडा, भक्कम, एका लयीत. ज्या आवाजासाठी तिनं नेम धरला होता तो हाच आवाज.

ती दारात आली. लक्ष्मीकांत चालत होते. अंगात मिलचा खाकी सदरा, जो तिनं ट्रंकेच्या तळाशी ठेवला होता. सगळ्या गुंड्या गळ्यापर्यंत लावलेल्या. खांदे सरळ, मान वर. लग्नात दिसले होते तसे दिसत होते. इतके सुंदर की तिला रडू फुटलं, आणि त्याच क्षणी दिसलं की त्यांच्या मागं खाटेवरची चादर सपाट नव्हती. कोणी निजलेलं असावं तशी उंच होती. ती तिकडं बघू शकली नाही.

फडताळात कप लागलेला होता आणि काचेत ठोकळे पडत होते. ती बघत असताना डावं बटण दबलं आणि वर आलं. पुन्हा दबलं. खट्-खट्.

"मारुती," लक्ष्मीकांत म्हणाले, "उशीर झाला रे." आणि हात पुढं केला.

शालिनी धावली. पन्नाशीची बाई, संधिवाताचे गुडघे, पण ती धावली, आणि तिचा हात त्यांच्या आधी पोहोचला.

बटण गरम होतं. त्यावरचं बोट अजून काढलेलं नव्हतं.

तिला बोट दिसलं नाही. लागलं. खरखरीत, तुसानं माखलेलं, वाट बघून बघून कडक झालेलं. शालिनीनं हात काढला नाही. घरी आलेल्या पाहुण्याशी बोलावं तशी ती बोलली.

"भाऊजी, तुम्ही सोडा. मी आलेय बदलीला."

बोट हललं नाही.

"हे नाहीत यायचे. यांची पाळी मी घेतलीय. मी हात ठेवलाय बघा. आता तुम्ही काढायचा."

किती वेळ गेला कोण जाणे. मग बोट उचललं गेलं. कोणीतरी खूप लांब श्वास सोडावा तसं काहीतरी तिच्या कानाजवळून गेलं, आणि सगळा भार तिच्यावर आला.

आवाज आधी आला. एक साचा नव्हे, शेकडो. जमीन थरथरली, मांडणीवरची ताटं एकमेकांवर वाजू लागली, वरून पांढरा तूस भुरभुरू लागला, तिच्या नाकात, पापण्यांवर. आणि ठोकळे असे पडू लागले की दिसायच्या आत खाली. डाव चढला. अर्ध्यावर गेला. वरच्या कडेला टेकायला आला. शेवटी मरतोच आपण, मंजिरी म्हणाली होती. तिच्या कोपराला लक्ष्मीकांतांचा थंड हात लागला, तिला बाजूला सारायला, आणि त्या हातात मोठा जोर होता.

शालिनी हलली नाही. तिनं सगळ्या ढिगाकडं बघणं सोडून दिलं. दूध वर येईपर्यंत, तिनं स्वतःला सांगितलं. एवढंच. हा एक ठोकळा. आता इस्त्री तापेपर्यंत, हा एक. बादली भरेपर्यंत, हा. आयुष्यभर तिला सलग तास कोणी दिलाच नव्हता. तिला तुकड्यातच जगता येत होतं, आणि तुकड्यात तिच्यासारखं कोणी जगत नव्हतं. एक ओळ गेली. मग दोन. उजवी गल्ली तिनं मोकळी काढली, पट्टी आली, सोडली, चार गेल्या. बोटं तिची राहिली नव्हती, किंवा पहिल्यांदाच पूर्ण तिची झाली होती. ढीग उतरत गेला. कंबरेपर्यंत, गुडघ्यापर्यंत. तिच्या घशातून काहीतरी निघत होतं. नंतर तिला आठवलं, ती हसत होती.

मारुतीनं रोज डाव नीट करून ठेवला होता, पण पुढच्यासाठी ठेवला होता. शालिनीला पुढचा कोणी नको होता. कापडाचं थान पुरं झालं की कापायचं असतं.

शेवटच्या दोन ओळी. एक चौकोनी खड्डा. वरून चौकोनी ठोकळा आला. तिनं तो घाई न करता, पोळी तव्यावर टाकावी तसा सोडला.

काच रिकामी झाली. वरपासून खालपर्यंत एकही ठोकळा नाही. धुतलेल्या ओट्यासारखी लख्ख. पुढचा ठोकळा वर दिसायच्या आत तिनं बटण दाबलं आणि खेळ बंद केला.

कप विझला. आवाज थांबला.

काळ्या काचेत तिचा चेहरा दिसला. तिच्या खांद्यामागं खोली दिसायला हवी होती. दिसली एक लांबच लांब शेड, धुळीतून येणारे उन्हाचे पट्टे, आणि दाराकडं चाललेल्या माणसांच्या पाठी. हातात डबे. सगळ्यांत मागं एक उंच माणूस. तो डावा हात उचलत होता, आणि वळत होता.

शालिनीनं काच पदराखाली झाकली.

८

मागं धप्प आवाज झाला. लक्ष्मीकांत जमिनीवर बसले होते, सदऱ्याच्या गुंड्या उघड्या, पाय वेडेवाकडे पसरलेले. खाटेवर चादर सपाट होती. ते थरथर कापत होते आणि रडकुंडीला आले होते.

"पाय दुखून राहिलेत गं," ते म्हणाले. "काय झालं? मी पडलो का?"

उन्हाळ्यापासूनची ही त्यांची पहिली तक्रार होती. शालिनीला ती ओवीसारखी ऐकू आली. तिनं उषावहिनींना हाक मारली आणि दोघींनी मिळून त्यांना खाटेवर घेतलं. त्यांचं ओझं झालं. माणसाचं होतं तेवढं, खरंखुरं ओझं.

"अरेरे, चांगले उभे राहत होते की," उषावहिनी हळहळल्या. "परत पहिल्यासारखे झाले."

"नाही," शालिनी म्हणाली. "आता ठीक आहे."

त्या रात्री त्यांनी खिचडी मागितली. तीत मीठ कमी आहे म्हणाले.

दुपारी तीनला उभं राहणं संपलं. त्याऐवजी कधी सकाळी, कधी संध्याकाळी, मंजिरीच्या खांद्याला धरून, कण्हत, शिव्या देत, ते एक पाऊल टाकायचे आणि दमून बसायचे. डौल गेला होता. पाय फरफटायचा. शालिनी दारात उभी राहून बघायची आणि तिच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

पौषात एक दिवस ते म्हणाले, कोपऱ्यावर पोहे खायला जाऊ. मंजिरी म्हणाली, "बाबा, मी घेऊन येते ना, गरमागरम." ते म्हणाले, "गरम खायला नाही जायचं मला, जायला जायचंय." मग ते आणि शालिनी निघाले. जिना उतरायलाच इतका वेळ लागला की खालच्या पेटीवाल्यानं हातोडा थांबवून बघितलं. "क्या बात है भिया," तो म्हणाला.

कोपरा दिसत होता. जिलेबीचा वास येत होता. पण गल्लीच्या मध्यावर लक्ष्मीकांतांचे पाय थांबले. ते एका दुकानाच्या पायरीवर बसले, कपाळ पुसलं. धाप लागली होती, तोंड लाल झालं होतं, हात कापत होते आणि ऊबदार होते. लूना, हातगाड्या, शाळेची मुलं त्यांना वळसा घालून चालली होती.

"आज नाही होत गं पुढं," ते म्हणाले.

शालिनी त्यांच्या शेजारी ऐसपैस बसली.

"नको मग," ती म्हणाली. "इथं ऊन चांगलंय."